धागा कोठे तोडावा? जनुक-नियमनाची जाळी आणि पिकांवरील रोग

भाताच्या पानाच्या कडेने पिवळसर-पांढरी, नागमोडी पट्टी टोकाकडून खाली सरकू लागली की शेतात कडा करपा शिरला, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. झँथोमोनास ओरायझी या जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगाची भारतातील पहिली नोंद १९५९ मध्ये महाराष्ट्रातून झाली. १९६३ मध्ये बिहारमध्ये त्याने साथीचे रूप धारण केले. शेतात लागलेला हा रोग खात्रीने आटोक्यात आणील असे रसायन आजही हाती नाही. त्यामुळे प्रतिकारक्षम वाण हाच या रोगाविरुद्धचा मुख्य आधार राहिला आहे.

प्रतिकारक्षम वाण घडवायचा, तर रोग लागताना पानाच्या पेशीत नेमके काय घडते हे समजणे आवश्यक ठरते. येथेच अडचण सुरू होते. जिवाणू आत शिरल्यानंतर काही तासांतच भाताची शेकडो, कधी हजारो जनुके आपले वर्तन बदलतात. काही जनुकांचे काम वाढते, काहींचे मंदावते. यांपैकी कोणता बदल रोगाचे कारण आहे, कोणता वनस्पतीचा बचाव आहे आणि कोणता केवळ मरू लागलेल्या पेशीची धडपड आहे, हे एकेका जनुकाकडे पाहून सांगता येत नाही. जनुकांमधील परस्परसंबंधांचे जाळे मांडून त्यातून रोगाचे मर्म शोधणाऱ्या संगणकीय पद्धती गेल्या दोन दशकांत विकसित झाल्या, त्या याच गरजेतून. त्या पद्धती कशा चालतात, त्यांच्यावर किती विसंबावे आणि शेतीसाठी त्यांचा उपयोग काय, याचा परिचय या लेखात करून दिला आहे.

जनुक असणे आणि जनुक कार्यरत असणे

आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून भाताचा जनुकीय आराखडा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरावे गुणसूत्र उलगडण्याच्या कामात भारतीय संशोधकांचाही वाटा होता. त्या आराखड्यानुसार भाताच्या जनुकसंचाची लांबी सुमारे ३८.९ कोटी अक्षरे असून त्यात ३७,५४४ जनुके असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. मुळाच्या पेशीत, पानाच्या पेशीत आणि परागकणात ही सर्व जनुके सारखीच असतात. फरक असतो तो कोणते जनुक केव्हा, कोठे आणि किती प्रमाणात कार्यरत होते यात. यालाच जनुक-नियमन म्हणतात.

प्रत्येक जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक पट्टा असतो, त्याला प्रवर्तक म्हणतात. विशिष्ट प्रथिने या पट्ट्यावरील ठराविक अक्षरक्रम ओळखून तेथे बसतात आणि जनुकाची नक्कल करण्याचे काम चालू किंवा बंद करतात. या प्रथिनांना अनुलेखन घटक असे नाव आहे. हे घटकही जनुकांपासूनच तयार होतात आणि त्यांच्यावरही इतर घटकांचे नियंत्रण असते. अशा रीतीने नियंत्रकांवर नियंत्रक बसलेले एक मोठे जाळे प्रत्येक पेशीत अखंड कार्यरत असते.

नियमनाचे महत्त्व किती, हे भाताच्याच एका जनुकाने दाखवून दिले आहे. एक्सए-२७ हे कडा करप्याला प्रतिकार करणारे जनुक २००५ मध्ये वेगळे करण्यात आले. प्रतिकारक्षम आणि रोगबळी वाणांतील या जनुकाची तुलना केली असता, दोन्हींपासून तयार होणारे प्रथिन तंतोतंत एकच असल्याचे आढळले. फरक केवळ प्रवर्तकात होता. ज्या वाणाचा प्रवर्तक जिवाणूच्या आगमनाला प्रतिसाद देतो तो वाचतो. ज्याचा देत नाही तो रोगाला बळी पडतो. तेथे प्रथिनाचा क्रम तपासून काहीच हाती लागले नसते.

यादी का पुरत नाही

आरएनए-क्रमनिर्धारण हे आज बहुतेक प्रयोगशाळांच्या आवाक्यातील तंत्र आहे. निरोगी आणि रोगग्रस्त पानांतील आरएनए मोजून कोणत्या जनुकांचे काम वाढले वा घटले याची यादी मिळवता येते. पण अशा यादीला दोन मोठ्या मर्यादा असतात.

पहिली मर्यादा संख्याशास्त्रीय आहे. ३७,५४४ जनुकांची प्रत्येकी एक चाचणी केली आणि पाच टक्के चुकीची नेहमीची मुभा ठेवली, तर प्रत्यक्षात एकाही जनुकात बदल झालेला नसतानाही केवळ योगायोगाने सुमारे १,९०० जनुके 'बदललेली' दिसतील. म्हणून अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती अनिवार्य असते. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. दुरुस्तीनंतर उरलेली यादी कितीही विश्वासार्ह असली, तरी तिच्यात कार्य आणि कारण यांतला भेद नसतो. एक नियंत्रक बदलला की त्याच्या हाताखालची शंभर जनुके बदलतात. यादीत ती शंभर जनुके ठळकपणे पुढे येतात आणि मूळ नियंत्रक, त्याच्या प्रमाणात झालेला बदल लहान असल्यास, तळाशी दडून राहतो.

सह-अभिव्यक्तीचे जाळे

यावरचा पहिला उपाय म्हणजे जनुकांना एकेकटे न पाहता जोड्यांनी पाहणे. अनेक नमुन्यांत एका जनुकाचे काम वाढते तेव्हा दुसऱ्याचेही वाढते का, हे सहसंबंध गुणांकाने मोजता येते. भाताच्या सर्व जनुकांच्या जोड्या करायच्या झाल्यास त्यांची संख्या ७० कोटींच्या पुढे जाते. हे काम संगणकाशिवाय अशक्य आहे. प्रत्येक जनुक ही जाळ्यातील एक गाठ आणि दोन जनुकांतील दृढ संबंध हा त्यांना जोडणारा धागा, अशी ही मांडणी असते.

धागा मानायचा तरी केव्हा? ०.८ पेक्षा अधिक गुणांक असल्यास संबंध आहे आणि ०.७९ असल्यास नाही, अशी काटेकोर सीमा मनमानी ठरते. बिन झांग आणि स्टीव्ह होर्वाथ यांनी २००५ मध्ये यावर एक सोपी युक्ती मांडली. गुणांकाचा ठराविक घात घ्यायचा. उदाहरणार्थ, सहावा घात घेतल्यास ०.९ चे ०.५३ होते, तर ०.५ चे जेमतेम ०.०१६ उरते. दृढ धागे टिकतात, कमकुवत धागे आपोआप विरळ होतात आणि कोणताही धागा एकदम कापावा लागत नाही. 'भारित जनुक सह-अभिव्यक्ती जाळे विश्लेषण' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २००८ मध्ये मुक्त संगणकप्रणालीच्या रूपात उपलब्ध झाली आणि आज पिकांच्या संशोधनात ती अतिशय रूढ आहे.

अशा जाळ्यात एकमेकांशी घट्ट विणलेल्या जनुकांचे गट स्पष्ट दिसू लागतात. प्रत्येक गटाचे एक प्रातिनिधिक मूल्य काढून ते रोगाच्या लक्षणाशी, म्हणजे पानावरील करप्याच्या पट्टीच्या लांबीशी किंवा पेशीतील जिवाणूंच्या संख्येशी, ताडून पाहता येते. त्यामुळे हजारो चाचण्यांच्या जागी वीस-तीस गटांच्या चाचण्या पुरतात. शिवाय ज्या जनुकाचे कार्य अज्ञात आहे, त्याच्या गटातील शेजाऱ्यांवरून त्याच्या कार्याचा अंदाज बांधता येतो. ज्या गाठीला सर्वाधिक धागे जोडलेले असतात तिला केंद्रगाठ म्हणतात. पुढील अभ्यासासाठी अशा जनुकांना सहसा अग्रक्रम दिला जातो.

सहसंबंधाकडून नियमनाकडे

तथापि, दिंडीतील वारकरी एकाच तालावर पावले टाकतात म्हणून टाळाचा ठेका कोण देतो, हे पावलांवरून ओळखता येत नाही. सह-अभिव्यक्तीचे जाळे 'बरोबर कोण चालते' एवढेच सांगते. 'कोण चालवतो' हे सांगत नाही. नियमनाची दिशा शोधण्यासाठी आणखी काही पद्धती विकसित झाल्या.

'ॲराक्ने' ही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत अप्रत्यक्ष संबंध गाळण्यावर भर देते. पहिले जनुक दुसऱ्याला आणि दुसरे तिसऱ्याला चालना देत असेल, तर पहिल्या व तिसऱ्यातही संबंध असल्याचा आभास होतो. तीन जनुकांच्या प्रत्येक त्रिकोणातील सर्वांत कमकुवत धागा वगळून ही पद्धत असे आभासी दुवे कमी करते. २०१० मध्ये मांडलेली 'जीनी-३' ही पद्धत वेगळा मार्ग धरते. ती प्रत्येक जनुकाबाबत एकच प्रश्न विचारते : सर्व ज्ञात नियंत्रकांपैकी कोणाच्या पातळीवरून या जनुकाची पातळी सर्वांत अचूक वर्तवता येते? हे उत्तर शेकडो निर्णयवृक्षांच्या मतांतून काढले जाते.

केवळ अभिव्यक्तीच्या आकड्यांवर न थांबता इतर पुरावे जोडले, तर जाळे अधिक विश्वासार्ह होते. कालक्रमानुसार घेतलेले नमुने कारणाचा क्रम सुचवतात, कारण नियंत्रक आधी हलतो आणि त्याच्या अखत्यारीतील जनुके मागाहून. प्रवर्तकात त्या नियंत्रकाला बसण्याजोगा अक्षरक्रम आहे का, हे संगणकाने तपासता येते. तो भाग पेशीत प्रत्यक्ष मोकळा आहे का आणि प्रथिन तेथे खरोखर बसते का, हे प्रयोगशाळेत पाहता येते. या चारही कसोट्यांवर टिकणारा धागा हा केवळ सहसंबंध राहत नाही.

या पद्धती किती खऱ्या ठरतात, याची सर्वांत गाजलेली परीक्षा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीसहून अधिक पद्धतींना एकच माहिती देऊन त्यांनी मांडलेली जाळी ज्ञात सत्याशी ताडण्यात आली. त्यातून दोन निष्कर्ष निघाले. कोणतीही एक पद्धत सर्वत्र सरस ठरली नाही. मात्र सर्व पद्धतींचे मत एकत्र केले असता निकाल सातत्याने चांगला आला. ई. कोलाय या जिवाणूबाबत वर्तवलेले ५३ नवे दुवे प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी २३ दुव्यांना पुष्टी मिळाली. सुमारे ४३ टक्के यश हे आंधळ्या शोधाच्या तुलनेत फार मोठे आहे. पण निम्म्याहून अधिक दुवे टिकले नाहीत, हेही तेवढेच खरे. यीस्टसारख्या, अधिक गुंतागुंतीच्या पेशींच्या जीवाबाबत तर या पद्धतींची कामगिरी बरीच दुबळी होती. पिकांच्या संशोधकांनी हा इशारा विशेष लक्षात ठेवावा, कारण वनस्पतीची पेशी यीस्टपेक्षाही गुंतागुंतीची असते.

कडा करपा : साखरेचे दार आणि जिवाणूची किल्ली

नियमनाचा एक धागा रोगाशी कसा थेट जोडलेला असतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कडा करप्याचेच आहे. हा जिवाणू पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांत वाढतो. तेथे पाणी भरपूर असले तरी अन्न तुटपुंजे असते. मग हा जिवाणू पेशींत काही प्रथिने सोडतो. ही प्रथिने, ज्यांना टाल प्रथिने म्हणतात, थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन भाताच्याच जनुकांच्या प्रवर्तकांवर बसतात आणि ती जनुके चालू करतात. जिवाणू भाताच्या नियमनाच्या जाळ्यात बाहेरून एक परका नियंत्रक घुसवतो, असे म्हणता येईल.

टाल प्रथिन कोठे बसणार, याची लिपी २००९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी उलगडली. या प्रथिनात सुमारे ३४ अमिनो आम्लांचे तुकडे एकापुढे एक पुनरावृत्त होतात. प्रत्येक तुकड्यातील बाराव्या आणि तेराव्या स्थानाची जोडी डीएनएचे एक अक्षर ओळखते. एचडी ही जोडी सायटोसीनला, एनआय ॲडेनीनला आणि एनजी थायमीनला पसंती देते. एनएन ग्वानीन किंवा ॲडेनीन यांपैकी कोणावरही बसते. त्यामुळे जिवाणूच्या जनुकक्रमावरून त्याचे प्रथिन भाताच्या कोणत्या प्रवर्तकावर बसेल, हे संगणकाला वर्तवता येऊ लागले.

अर्थात हे वर्तवणे वाटते तितके सोपे नाही. वीस अक्षरांचा काटेकोर क्रम घेतला तर त्याचे सुमारे १ लाख १० हजार कोटी प्रकार संभवतात. त्यामुळे ३८.९ कोटी अक्षरांच्या जनुकसंचात तो निव्वळ योगायोगाने सापडणे जवळजवळ अशक्य आहे. परंतु एनएनसारख्या जोड्या दोन अक्षरे स्वीकारतात आणि एखाद-दुसरी विसंगतीही खपून जाते. परिणामी प्रत्येक टाल प्रथिनासाठी संभाव्य जागांची मोठी यादी निघते. खरी जागा शोधण्याचा मार्ग म्हणजे दोन याद्यांचा छेद घेणे. एक यादी प्रवर्तकात योग्य क्रम असलेल्या जनुकांची आणि दुसरी त्या जिवाणूच्या संसर्गानंतर खरोखर चालू झालेल्या जनुकांची. दोहोंत आढळणारी जनुके थोडीच असतात आणि त्यांची प्रयोगाने पडताळणी करता येते.

अशा अभ्यासांतून वारंवार एकच कुटुंब पुढे आले : स्वीट जनुके. २०१० मध्ये ही जनुके पेशीतून साखर बाहेर सोडणारी दारे तयार करतात, हे स्पष्ट झाले. कडा करप्याचे जिवाणू त्यांपैकी प्रामुख्याने तीन दारे उघडतात. पीटीएचएक्सओ-१ हे प्रथिन स्वीट-११ ला, पीटीएचएक्सओ-२ स्वीट-१३ ला, तर पीटीएचएक्सओ-३, एव्हीआरएक्सए-७ यांसह काही प्रथिने स्वीट-१४ ला चालू करतात. जिवाणूच्या वेगवेगळ्या वंशांनी वेगवेगळ्या किल्ल्या घडवल्या. पण त्या सर्व साखरेच्या कोठाराच्याच दारांना लागतात. जाळ्याच्या भाषेत सांगायचे, तर अनेक हल्लेखोरांचे धागे मोजक्या गाठींवर एकवटतात.

हे एकवटणे भातापुरते मर्यादित नाही. अराबिडॉप्सिस या अभ्यासवनस्पतीच्या सुमारे ८,००० प्रथिनांवर केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक जिवाणू आणि एक बुरशीसदृश रोगकारक यांच्या हल्लेखोर प्रथिनांचे लक्ष्य तपासले गेले. हे दोन रोगकारक उत्क्रांतीच्या दृष्टीने एकमेकांपासून फार दूरचे आहेत. तरीही त्यांची प्रथिने वनस्पतीच्या जाळ्यातील समान, भरपूर धागे असलेल्या गाठींवर योगायोगापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात एकवटलेली दिसली.

गाठ नव्हे, धागा

रोगाचे मर्म केंद्रगाठीत आहे असे कळले की ती गाठच काढून टाकावी, असा मोह होतो. कडा करप्याचे उदाहरण या मोहातील धोका दाखवते. स्वीट-११ हे जनुक केवळ जिवाणूच्या सोयीसाठी नाही. परागकणांच्या वाढीसाठी ते आवश्यक असते. हे जनुक दडपलेल्या भातात परागकण वांझ राहून दाणे भरण्यावर परिणाम झाल्याचे आढळले. ज्या गाठीला अनेक धागे जोडलेले असतात ती काढली, तर रोगाबरोबर पीकही जाते.

निसर्गाने यावर काढलेला मार्ग फार सूक्ष्म आहे. एक्सए-१३ हे अप्रभावी प्रतिकारजनुक म्हणजे स्वीट-११ चेच एक रूप आहे. त्यातील प्रवर्तकात असा बदल झालेला आहे की जिवाणूचे प्रथिन तेथे बसू शकत नाही. परागकणांसाठी ते जनुक नेहमीप्रमाणे काम करत राहते. जिवाणूसाठी मात्र दार उघडत नाही. गाठ शाबूत राहते आणि एकच धागा तुटतो. एक्सए-५ या दुसऱ्या प्रतिकारजनुकात पेशीच्या नक्कल-यंत्रणेतील ज्या प्रथिनाचा आधार टाल प्रथिने घेतात त्यात एका अमिनो आम्लाचा बदल असतो. त्यामुळे जिवाणूची पकड सैल पडते.

हे केवळ प्रयोगशाळेतले ज्ञान राहिलेले नाही. हैदराबाद येथील भात संशोधन संचालनालय आणि पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्र यांनी चिन्हक-साहाय्यित निवडीने एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ ही तीन जनुके सांबा महसुरी या लोकप्रिय वाणात आणली. 'सुधारित सांबा महसुरी' हा वाण २००८ मध्ये प्रसारित झाला. भारतीय कृषी संशोधन संस्थेने एक्सए-१३ आणि एक्सए-२१ यांच्या आधारे 'सुधारित पुसा बासमती १' त्याच्या एक वर्ष आधी दिला होता. या वाणांच्या शेतात नियमनाच्या जाळ्यातील तुटलेला एक धागा दरवर्षी पीक राखत असतो.

तीन जनुके का लागली, याचे उत्तरही जाळ्यातच आहे. एक्सए-१३ फक्त स्वीट-११ चे दार बंद करते. स्वीट-१४ ची किल्ली बाळगणारा जिवाणू ते वळसा घालून टाळतो. म्हणून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनात आधी ६३ जिवाणू-वंशांच्या टाल जनुकांचे क्रम तपासून कोणकोणत्या किल्ल्या प्रचलित आहेत, याचा नकाशा तयार करण्यात आला. त्यानंतर जनुक-संपादनाने तीनही स्वीट जनुकांच्या प्रवर्तकांत, जिवाणूची प्रथिने जेथे बसतात नेमक्या त्याच जागी, बदल केले गेले. आयआर-६४ सारख्या वाणांतही व्यापक प्रतिकार मिळाला. संगणकाने दाखवलेली जागा, प्रयोगाने केलेली पडताळणी आणि पैदासकाराच्या हातातील वाण असा हा पूर्ण प्रवास आहे.

किडींच्या प्रतिकारातही हेच तत्त्व

नियमनाकडे दुर्लक्ष केल्यास काय हुकते, हे कीटकशास्त्रातही अनुभवास आले आहे. कोबीवर्गीय पिकांवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग ही बीटी विषाला शेतात प्रतिकार विकसित करणारी पहिली कीड. या किडीच्या आतड्यातील ज्या ग्राहक प्रथिनांना क्राय १-एसी हे विष चिकटते, त्यांच्या जनुकांत उत्परिवर्तन असणार अशी स्वाभाविक अपेक्षा होती. परंतु चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की त्यांनी अभ्यासलेल्या प्रतिकारक अळ्यांत ग्राहकांची जनुके बिघडलेली नव्हती, तर दडपली गेलेली होती. पेशींतील संदेशवहनाच्या साखळीतील एमएपी-४के-४ हे एक जनुक अधिक कार्यरत झाल्याने अनेक ग्राहकांची पातळी एकाच वेळी खाली आली होती. पुढे २०२० मध्ये याच साखळीला संप्रेरकांकडून चालना मिळते, तसेच दडपलेल्या ग्राहकांची शारीरिक कामे त्यांचेच नातलग असलेली इतर प्रथिने उचलून धरतात, हेही समोर आले. ग्राहकांच्या जनुकक्रमात बदल शोधणाऱ्या चाचणीला असा प्रतिकार दिसणारच नाही.

गुलाबी बोंडअळीबाबतही भारतातील नमुन्यांच्या अभ्यासात, कॅडहेरिन या ग्राहकाच्या एकाच बिघडलेल्या जनुकापासून पर्यायी जोडणीमुळे अनेक वेगवेगळे आरएनए संदेश तयार होत असल्याचे २०१४ मध्ये नोंदवले गेले. डीएनएच्या एका ठराविक बदलावर आधारलेली तपासणी अशा ठिकाणी अपुरी पडते. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांचे या अळीने केलेले नुकसान पाहता, प्रतिकाराच्या देखरेखीत आरएनएच्या पातळीवरील तपासणीचाही समावेश होणे हितावह आहे.

मर्यादा आणि दक्षता

जाळे-विश्लेषणाचे आकर्षक रंगीत नकाशे काढणे आज सोपे झाले आहे. म्हणूनच पुढील बाबींची दक्षता घेणे आवश्यक आहे.

पहिली बाब नमुन्यांची संख्या. सह-अभिव्यक्तीचे जाळे पंधरापेक्षा कमी नमुन्यांवर बांधू नये, असा या पद्धतीच्या निर्मात्यांचाच सल्ला आहे. वीस वा अधिक नमुने असल्यास उत्तम. तीन निरोगी आणि तीन रोगग्रस्त नमुन्यांवर उभारलेल्या जाळ्यातील बहुतांश धागे योगायोगाचे असू शकतात.

दुसरी बाब नमुने गोळा करण्याची शिस्त. निरोगी पाने सकाळी आणि रोगग्रस्त पाने दुपारी तोडली, तर जाळ्यात रोग नव्हे, दिवसाची वेळ उमटेल. तापमान, पानाचे वय, प्रयोगशाळेतील वेगवेगळे दिवस यांचाही असाच ठसा पडतो. संगणकाला हा फरक आपोआप कळत नाही.

तिसरी बाब ऊतींची सरमिसळ. पूर्ण पान वाटून काढलेल्या आरएनएमध्ये जिवाणूच्या संपर्कात आलेल्या मोजक्या पेशींचा आवाज लाखो निरोगी पेशींच्या कोलाहलात बुडून जातो. एकल-पेशी क्रमनिर्धारण या अडचणीवर उपाय देऊ लागले आहे; मात्र ते अद्याप खर्चिक आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची बाब पडताळणीची. जाळे हे अनुमान असते, पुरावा नसतो. केंद्रगाठ सापडली म्हणजे रोगाचे कारण सापडले, असे नव्हे. ते जनुक दडपून, वाढवून किंवा त्याचा प्रवर्तक बदलून रोगाच्या तीव्रतेत फरक पडतो का, हे झाडावर पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

याशिवाय जिवाणूही स्थिर राहत नाही. २०१९ मध्ये टांझानियात कडा करप्याचा जो उद्रेक झाला, त्यातील जिवाणू-वंश आशियाई वंशांशी साधर्म्य असलेले आणि आफ्रिकेत पूर्वी न आढळलेल्या किल्ल्या बाळगणारे होते. त्यामुळे किल्ल्यांचा नकाशा एकदा काढून भागत नाही. तो सतत अद्ययावत ठेवावा लागतो.

भारतीय संशोधनापुढील काम

या प्रकारच्या कामासाठी लागणारी साधने देशात उपलब्ध होत आहेत. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत कृषी-जनुकशास्त्रासाठी 'अशोका' ही महासंगणन सुविधा आहे. फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात देशातील जनुकक्रमांची माहिती जतन केली जाते. परकीय डीएनए नसलेल्या ठराविक प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना २०२२ मध्ये नियमांतून सूट मिळाल्याने प्रवर्तकातील सूक्ष्म बदलांचा मार्गही काहीसा सुकर झाला आहे.

उणीव आहे ती शेताच्या पातळीवरील माहितीची. कोकणातील, छत्तीसगडमधील, पंजाबातील आणि तमिळनाडूतील जिवाणू एकाच किल्ल्या वापरत नाहीत. कोणत्या भागात कोणते वंश प्रबळ आहेत याची नियमित नोंद असल्याशिवाय, कोणत्या वाणात कोणता धागा तोडावा हे ठरवता येणार नाही. कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि संशोधन संस्था यांनी रोगग्रस्त पानांचे नमुने ठिकाण, वाण, पिकाची अवस्था आणि तारीख या तपशिलांसह गोळा केले, तर महासंगणकाला काम करण्याजोगी सामग्री मिळेल. तपशिलाविना पाठवलेला नमुना जाळ्यात बसत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आजचे व्यवस्थापन बदललेले नाही. प्रतिकारक्षम वाणाची निवड, नत्राची मात्रा विभागून देणे, लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे न खुडणे, रोगग्रस्त खाचरातील पाणी दुसऱ्या खाचरात न सोडणे आणि बांधावरील तणांचा बंदोबस्त हीच त्याची सूत्रे आहेत. जाळे-विश्लेषण यांपैकी कशाचीही जागा घेत नाही. पहिल्या सूत्रातील 'प्रतिकारक्षम वाण' अधिक काळ प्रतिकारक्षम राहावा, एवढेच काम ते करते. एखादा वाण काही हंगामांत रोगाला बळी पडू लागतो, तेव्हा त्यामागे पैदासकाराची दहा-बारा वर्षांची मेहनत आणि शेतकऱ्याचा विश्वास दोन्ही वाया जातात. जिवाणूची पुढची किल्ली कोणती असू शकेल हे आधी ओळखता आले, तर हे नुकसान टाळता येईल. त्यासाठी संगणकशास्त्रज्ञ, रोगशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ आणि पैदासकार यांनी एकाच शेतातील माहितीवर एकत्र काम करणे ही काळाची गरज आहे.